माळ आपल्या गळ्यात, बोक्याच्या नाही

मावशी, मी पुण्यात राहते, वय २८. चार वर्षांपासून व्हीगन आहे. दूध-तूप, मधसुद्धा नाही. गेल्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये बोक्याचं पिल्लू सापडलं. नाव ठेवलं गुंड्या. त्याला सोया दूध-भात, टोफू, उकडलेला भोपळा देते. खातो, पण भुकेलाच वाटतो. आई म्हणते, दूधभात घाल, मांजरं त्यावरच वाढतात. मैत्रीण म्हणते, व्हीगन कॅट फूड मागव. मी चिकनचं पाकीट आणलं, पण उघडताना रडू आलं. एक जीव जगवायला किती कोंबड्या मारायच्या? हे ढोंग नाही का? हल्ली तो वाळूच्या ट्रेमध्ये नुसता बसून राहतो. बहुतेक रुसलाय माझ्यावर.

मुली, शेवटच्या दोन ओळी वाचून पोटात गोळा आला. म्हणूनच त्याच संध्याकाळी तुला कळवलं, की आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने. नेलंस, फार बरं केलंस. लघवीत खडे निघाले. इतर वाचकांनीही हे लक्षात ठेवा: बोका ट्रेमध्ये कुंथत बसला, थेंबथेंब लघवी होत असली किंवा होतच नसली, तर तो रुसलेला नसतो. बोक्याचा लघवीचा मार्ग अरुंद असतो. तो पूर्ण तुंबला तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. खडे होण्याची कारणं बरीच असतात, पण निव्वळ वनस्पतींच्या खाण्याने लघवीतलं आम्ल कमी होतं आणि एका प्रकारच्या खड्यांना ते मानवतं.

आता तुझा प्रश्न. गुंड्याला मांस लागेल. हे मी गोलगोल न फिरवता सांगते, कारण भोपळ्यापासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, तसं मांजराचं बनवू शकत नाही. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला पुरेसं तयार करता येत नाही. ते मिळालं नाही तर डोळ्यांचा पडदा झिजतो, हृदय फुगून दुबळं होतं. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसच्या पशुवैद्यांनी दाखवून दिलं, की हृदयविकाराने मरणाऱ्या कित्येक मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी होतं, आणि ते दिल्यावर हृदय सुधारत होतं. ती मांजरं बाजारातलं तयार खाणंच खात होती! कारखान्यांचा अंदाज जिथे चुकला, तिथे आपल्या मिक्सरचा काय पाड?

आईचंही पूर्ण खरं नाही. वाड्यातली मांजरं दूधभात खायची, पण रात्री उंदीर, पाली, चिमण्या मारून उरलेलं पोट भरायची. ते आपल्याला दिसायचं नाही, एवढंच. शिवाय वाढलेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचतच नाही.

मैत्रिणीचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. टॉरिन कारखान्यात प्राण्यांशिवाय बनतं, त्यामुळे असं खाणं तत्त्वतः शक्य आहे. २०२३ साली १,३६९ मांजरांच्या पालकांना विचारून केलेल्या एका अभ्यासात व्हीगन खाणाऱ्या मांजरांची तब्येत वाईट आढळली नाही. पण ती माहिती पालकांनी सांगितलेली होती, रक्त-लघवी तपासून काढलेली नव्हती. एकदा खडे झालेल्या बोक्यावर हा प्रयोग मी तुला करू देणार नाही.

माझी आजी माळकरी होती. घरात कांदा-लसूणही एकादशीला बंद. तिची भाटी मांजर कणगीखालून उंदीर ओढून आणायची आणि थेट ओसरीवर, आजीच्या पुढ्यात ठेवायची. आजी तोंड फिरवायची, मग जागा शेणाने सारवून घ्यायची. मांजराला तिने कधी काठी उगारली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "माळ माझ्या गळ्यात आहे, तिच्या नाही."

तू मात्र आजीपेक्षा अवघड जागी आहेस. तिची मांजर स्वतः शिकार करायची. गुंड्याला तू फ्लॅटमध्ये घेतलंस, दार लावलंस, त्या दिवशी त्याची शिकार सुटली आणि ताट तुझ्या हाती आलं. कोंबड्यांचा हिशेब खराच आहे. पाकिटात बरेचदा माणसं खात नाहीत असे भाग जातात हेही खरं, पण म्हणून तो हिशेब पुसला जात नाही, आणि रडू आलं त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ढोंग नाही हे. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या व्हीगन सोसायटीच्या व्याख्येतच 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं' असं आहे. उपाशी बोका त्या व्याख्येत बसत नाही.

तुला जे करता येईल ते असं: त्याची नसबंदी कर, म्हणजे पार्किंगमध्ये आणखी पिल्लं जन्मणार नाहीत. त्याला घरातच ठेव, पाखरं वाचतील. दुसरं मांजर आणू नकोस. पुढे सोबतीला जीव हवाच वाटला तर गवत खाणारा ससा सांभाळ. आणि हे अजिबात झेपत नसेल तर त्याला मांस घालणारं चांगलं घर शोध, पण पार्किंगमध्ये परत सोडू नकोस.

सध्या डॉक्टरांनी लिहून दिलेलंच खाणं दे, वर मायेने टोफू नको. पाण्याच्या वाट्या दोन-तीन ठिकाणी ठेव, ओलं खाणं चालेल का ते विचारून घे. त्याची बशी आणि चमचा वेगळा काढ. सुरुवातीचे काही दिवस पाकीट आईला उघडू दे. पंधरा दिवसांनी लघवी पुन्हा तपासायची आहे ना? काय निघतं ते मला कळव.