इंजिनची ताकद वाढवल्यापासून बोटीच्या ड्राइव्हचा पिनियन दोनदा तुटला. आता जास्त कडक स्टीलचा बसवावा का?

तुम्ही लिहिलंय की दोन्ही वेळा खालच्या युनिटमधल्या (पाण्याखालच्या गिअरबॉक्समधल्या) पिनियनचे, म्हणजे जोडीतल्या लहान गिअरचे दात गेले, दोन्ही वेळा फक्त पिनियन बदलला, आणि आता ‘याहून कडक’ स्टीलचा शोधताय. गिअरच्या हीट ट्रीटमेंटमध्ये मी बरीच वर्षं काम केलंय. नुसता कडकपणा वाढवलात तर तिसरा पिनियन कदाचित आधीच्या दोन्हींपेक्षा लवकर जाईल.

दाताचा पृष्ठभाग झिजू नये म्हणून कठीण हवा, आणि झटका सोसायला आतला गाभा चिवट हवा. एकच स्टील आरपार कडक केलं तर दुसरी गोष्ट हातची जाते. म्हणून कमी कार्बनचं स्टील घेऊन वरच्या थरातच कार्बन मुरवतात. साधारण एक मिलिमीटरचा हा थर ५८ ते ६२ रॉकवेल सी (कडकपणाचं माप) इतका कठीण होतो, गाभा मात्र ३० ते ४० च्या आसपास राहतो. ८६२० हे त्यातलं नेहमीचं स्टील. ९३१० मध्ये निकेल सव्वातीन टक्क्यांच्या आसपास असतं आणि ते हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्येही वापरतात. पण दोघांच्या पृष्ठभागाचा कडकपणा जवळपास सारखाच असतो! ९३१० घ्यायचं ते गाभ्याच्या चिवटपणासाठी.

बोटीत हा चिवटपणा इतका का लागतो? ५०० हॉर्सपॉवर ५००० आरपीएमला म्हणजे साधारण ७०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर. तो एकसारखा आला तर चांगला गिअर निभावून नेतो. पण बोट लाटेवरून उडाली की प्रॉपेलर हवेत मोकळा फिरतो, इंजिनचे फेरे चढतात, आणि पंखा पुन्हा पाण्यात शिरला की सगळ्या फिरत्या भागांचा जोर एका क्षणात एक-दोन दातांवर येतो. शर्यतीच्या मोठ्या बोटींवर सुकाणू एकाकडे आणि फक्त थ्रॉटल दुसऱ्याकडे असतं, ते यासाठीच: बोट हवेत असताना थ्रॉटल सोडायचं. गिअर मोठा करून सुटका नाही, कारण पाण्याखालचं हाउसिंग जाड झालं की पाण्याचा विरोध वाढतो.

माझा जास्त संशय मात्र जुळणीवर आहे. अशा ड्राइव्हमधली स्पायरल बेव्हल, म्हणजे शंकूसारख्या आकाराच्या, वळणदार दातांच्या गिअरची जोडी बहुतेक वेळा एकमेकांवर घासून, म्हणजे लॅप करून तयार केलेली असते. त्यातला एकच बदलला की नवा दात जुन्या, झिजलेल्या दातावर चुकीच्या जागी टेकतो. त्यात हाउसिंग ॲल्युमिनियमचं. ताकद वाढली की ते जास्त लवतं, पिनियन थोडा ढकलला जातो आणि सगळा भार दाताच्या बाहेरच्या, रुंद टोकाकडे सरकतो. मग स्टील कोणतंही असो, तो कोपरा उडणारच. म्हणून जोडीच बदला, आणि दातांना मार्किंगचा रंग लावून, ठसा कुठे पडतो ते बघत शिम (गिअरची जागा जुळवणाऱ्या पातळ चकत्या) बसवा. भाराशिवाय ठसा किंचित आतल्या टोकाकडे हवा, म्हणजे भार आल्यावर तो मध्यावर येतो. दाताच्या मुळाशी शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा) केलेली जोडी मिळाली तर नक्की घ्या. त्याने पृष्ठभागात दाबाचा ताण भरला जातो आणि भेग सुरू व्हायलाच अडचण येते.

तेलही बघा. दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी शिरलंय. पाण्याने तेलाचा थर तुटतो आणि पिटिंग, म्हणजे दातांवर बारीक खड्डे पडणं, लवकर सुरू होतं. दातांवर पिवळसर किंवा निळी झाक असेल तर ते २०० अंश सेल्सियसच्या वर तापलेत, म्हणजे कडक थर नरम पडलाय.

तुटलेले पिनियन टाकून दिले नसतील तर तुटलेली बाजू भिंगाखाली धरा. ओहोटीने वाळूवर सोडाव्यात तशा वळणदार रेषा मुळापासून निघालेल्या दिसल्या तर भेग बरेच दिवस हळूहळू वाढत होती: तिथे जुळणी, पीनिंग, तेल यांचा विचार करायचा. रेषा अजिबात नसतील आणि सगळी बाजू रवाळ असेल तर दात एकाच झटक्यात गेलाय. तिथे ९३१० आणि थ्रॉटलवरचा हात कामाला येईल. दोन्ही पिनियनचे जवळून फोटो टाका, आणि जुन्या मोठ्या गिअरच्या दातांवर घासल्याची चमक कुठल्या टोकाला आहे तेही दाखवा.