खोबरेल पोटात घ्यायचं, पण कशाच्या ऐवजी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: थायरॉइडची गोळी चालू आहे, वजन उतरावं म्हणून तीन महिने रोज सकाळी रिकाम्या पोटी दोन मोठे चमचे व्हर्जिन खोबरेल घेताय, आणि एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, ११८ वरून १४९ वर गेलंय. डॉक्टर बंद करा म्हणतात. माहेरचे म्हणतात, कारवारकडे पिढ्यान् पिढ्या हेच तेल खाल्लं, कुणाला काय झालं? आणि नेटवर दोन्ही बाजूंचे अभ्यास सापडतात. शिवाय स्वयंपाकाला वापरायचं तर कुठलं घ्यायचं, तळणाला चालेल का, हेही विचारलंय.

सकाळचे चमचे आजच बंद करा. डॉक्टरांचं बरोबर आहे. पण त्यासाठी खोबरेल घरातून हद्दपार करायची गरज नाही. तेल तेच असलं तरी जेवणाच्या वर चमच्याने प्यायचं आणि दुसऱ्या तेलाऐवजी फोडणीला घालायचं, यांचा हिशोब वेगळा होतो.

आकडे बघा. १५ मिलीचा एक मोठा चमचा म्हणजे साधारण १४ ग्रॅम तेल, १२० कॅलरी. त्यातली ११ ते १२ ग्रॅम संपृक्त चरबी, म्हणजे सॅच्युरेटेड फॅट. दोन चमच्यांचे झाले २३ ग्रॅम आणि २४० कॅलरी, जवळजवळ अडीच पोळ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दिवसाच्या एकूण कॅलरीपैकी संपृक्त चरबीचा वाटा १० टक्क्यांच्या आत हवा. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला तो होतो सुमारे २२ ग्रॅम. म्हणजे चहाआधीच तुमचा दिवसाचा कोटा संपला. त्यानंतरचं दूध, तूप, अंडं, वाटणातला नारळ, सगळं त्याच्या वर.

आता अभ्यासांचं. ते एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, कारण कुणी खोबरेलाची तुलना लोण्याशी केली, कुणी सूर्यफुलाच्या तेलाशी. केंब्रिजच्या संशोधकांचा २०१८ चा अभ्यास खोबरेलाच्या बाजूने सगळ्यात जास्त फिरवला जातो. ५० ते ७५ वयाच्या नव्वदेक निरोगी माणसांना चार आठवडे रोज ५० ग्रॅम लोणी, खोबरेल किंवा ऑलिव्ह तेल दिलं. लोण्याने एलडीएल वाढलं, खोबरेलाने ऑलिव्हइतकंच राहिलं, आणि एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, खोबरेलाने जास्त वाढलं. निकाल खरा आहे, पण चार आठवड्यांचा आहे. पुढे २०२० मध्ये १६ चाचण्या एकत्र करून जे विश्लेषण 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात आलं, त्यात शेंगदाणा, सूर्यफूल, ऑलिव्ह अशा तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सरासरी १० ने आणि एचडीएल ४ ने वाढलेलं दिसलं (एकक मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, तुमच्या रिपोर्टवर असतं तेच). अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये खोबरेल खाऊ नका असा सल्ला दिला, तोही अशाच चाचण्यांच्या आधारावर.

केरळचा दाखला देणारे २०१६ चा कोचीचा अभ्यास पुढे करतात. हृदयविकाराचे २०० रुग्ण, दोन वर्षं, अर्ध्यांना खोबरेल आणि अर्ध्यांना सूर्यफूल. कोलेस्टेरॉलमध्ये फरक पडला नाही. पण त्या सगळ्यांना स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी चालू होती. गोळीखाली खोबरेलाने फार बिघडलं नाही, एवढंच त्यातून निघतं. गोळी न घेणाऱ्या माणसाने रोज तेल प्यावं, असं त्यातून निघत नाही. उलट टोकाला २०१८ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये एका प्राध्यापक बाईंनी भाषणात खोबरेलाला 'शुद्ध विष' म्हटलं, आणि त्यावर आपल्या फलोत्पादन आयुक्तांनी निषेधाचं पत्र धाडलं. दोन्हीकडून नुसता गलका. पदार्थ चरबीचा आहे, विष नाही आणि औषधही नाही.

'एचडीएलही वाढतं ना, मग फिटंफाट' हा युक्तिवाद बऱ्याच जणांना पटतो. तो टिकत नाही. डालसेट्रॅपिब नावाच्या औषधाने एचडीएल ३० टक्क्यांहून जास्त वाढवलं, एलडीएलला हात लावला नाही, आणि हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. २०१२ मध्ये ती चाचणी मध्येच थांबवली. म्हणून रिपोर्ट बघताना एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल यांचं गुणोत्तर काढत बसू नका. एकूणमधून एचडीएल वजा करून राहतो तो नॉन-एचडीएलचा आकडा बघा.

वजन उतरण्याचा दावा आला कुठून, तेही सांगतो. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ च्या सुमारास मध्यम साखळीच्या चरबीवर, म्हणजे एमसीटीवर, प्रयोग केले. ते तेल खास बनवलेलं होतं, मुख्यतः ८ आणि १० कार्बनच्या आम्लांचं. खोबरेलात ही दोन्ही मिळून १३ ते १५ टक्केच असतात. निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा, १२ कार्बनचं. पाठ्यपुस्तकात तेही मध्यम साखळीत मोडतं, पण आतड्यात त्याचा बराचसा भाग लांब साखळीच्या चरबीसारखाच लसिकेच्या (लिम्फच्या) वाटेने रक्तात जातो, थेट यकृतात जात नाही. एमसीटीचा निकाल खोबरेलाच्या बाटलीवर चिकटवणं ही शुद्ध जाहिरातबाजी. लॉरिक आम्ल जंतू मारतं, हेही काचेच्या बशीतलं खरं. पोटात गेल्यावर तसंच घडतं याला पुरावा नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते तेलाइतकीच महत्त्वाची. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा ते एक तास काही खायचं नाही, हा नियम गोळी नीट शोषली जावी म्हणून आहे. गोळीपाठोपाठ तेलाचे चमचे गेले असतील, तर पोट रिकामं राहिलंच नाही. आणि थायरॉइड आटोक्यात नसेल तर नुसत्या त्यानेही एलडीएल वाढतं. म्हणजे १४९ मधलं किती तेलाचं आणि किती थायरॉइडचं, हे आत्ता कुणीच सांगू शकणार नाही. तेव्हा असं करा: चमचे बंद, बाकी जेवण आहे तसंच, गोळी नियमाने. सहा ते आठ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये लिपिड प्रोफाइल आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) एकाच दिवशी. मधल्या काळात ओट्स, लसूण, दुधीचा रस असं काही नवीन सुरू करू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणारच नाही. एलडीएल खाली आलं तर उत्तर मिळालं. नाही आलं आणि टीएसएच चढं असेल, तर गोळीच्या डोसचं डॉक्टर बघतील. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असतील तर सूत्राने काढलेला एलडीएलचा आकडा धरता येत नाही, लॅबला 'डायरेक्ट एलडीएल' करायला सांगा. ज्यांना पित्ताशयात खडे आहेत त्यांनी तर रिकाम्या पोटी तेल पिण्याच्या भानगडीत पडूच नये. चरबी पोटात गेली की पित्ताशय आकुंचन पावतं आणि कळ उठते.

आता स्वयंपाक. मुंबईतल्या मालवणी, कारवारी, सारस्वत घरांत एक गोष्ट हमखास विसरली जाते: तेल मोजतात, नारळ मोजत नाहीत. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्याच्या चवात ३३ ग्रॅम चरबी असते, त्यातली जवळपास ३० संपृक्त. चार माणसांच्या आमटीला अर्ध्या नारळाचं वाटण, म्हणजे १०० ग्रॅमच्या आसपास चव, लावला तर माणशी सात-साडेसात ग्रॅम तिथेच झाले. वर सोलकढीला दुसरा अर्धा पिळला, की दुधात उतरलेली चरबी वेगळी. माहेरच्यांचं म्हणणं इथे समजून घ्या. तिकडे नारळाबरोबर बांगडा, तारली, कुळीथ, उकडा भात आणि दिवसभराचं चालणं होतं. त्या ताटातून एकटं तेल उचलून अंधेरीच्या ऑफिसात, लिफ्ट आणि लोकलच्या आयुष्यात आणलं तर त्याचा तसाच गुण येईल असं नाही.

ज्या दिवशी नारळाचं वाटण आहे त्या दिवशी फोडणी शेंगदाणा किंवा मोहरीच्या तेलाची द्या. वाटण नाही, साधी भाजी आहे, त्या दिवशी खोबरेल खुशाल वापरा. महिन्याला माणशी अर्धा लिटर एकूण तेल, म्हणजे दिवसाला सुमारे १५ ग्रॅम, हा घरगुती अंदाज बरा. त्यात खोबरेल तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यापर्यंत ठेवलं तर निरोगी माणसाचं काही बिघडणार नाही. ज्यांचं एलडीएल आधीच चढलंय, ज्यांना स्टेंट आहे, त्यांनी चवीपुरतंच. आणि सगळा स्वयंपाक खोबरेलात करण्याचं खूळ घेऊ नका. त्यात लिनोलेइक आम्ल दोनेक टक्केच असतं आणि ओमेगा-३ जवळजवळ शून्य. शरीराला ही दोन्ही बाहेरूनच मिळवावी लागतात. जवसाची चटणी, दाणे, बांगडा-तारली ती भरून काढतात.

चवीपुरतं म्हणजे कसं, तर सारस्वती पद्धतीने. तिरफळं घातलेला बांगडा असो की सुकी बटाट्याची भाजी, गॅस बंद केल्यावर वरून एक छोटा चमचा कच्चं खोबरेल सोडायचं आणि दोन मिनिटं झाकण ठेवायचं. ५ मिलीत चौघांचं काम होतं, माणशी एक ग्रॅम संपृक्त चरबी. तेच खोबरेल सुरुवातीला तापवलं तर वास अर्धा चिमणीतून जातो आणि चार चमचे घातले तरी कमीच वाटतं.

तळणाला खोबरेल टिकाऊ आहे, पटकन ऑक्सिडाइज होत नाही. माटुंग्याला केळ्याचे वेफर्स त्यात तळतात ते उगाच नाही. पण तीन गोष्टी सांभाळा. व्हर्जिन किंवा घाण्याचं तेल १७५ अंशांच्या आसपास धुरकटायला लागतं, तेव्हा सुरमईची तुकडी तव्यावर मध्यम आचेवर परतायला ठीक, पण मोठ्या आचेच्या कढईला नाही. तिथे रिफाइंड लागतं, ते २०० अंशांपुढेही टिकतं. दुसरं, उरलेल्या खोबरेलात शेंगदाणा किंवा सूर्यफूल मिसळून तळायला घेऊ नका. खोबरेलासारखं लॉरिक आम्लाचं तेल आणि दुसरं तेल एकत्र झालं की कढईत फेस चढतो, ओला मासा टाकला तर काठावरून उतू जातो आणि आगीची भीती. तिसरं, ओल्या जिनसा तळलेलं खोबरेल पुन्हा पुन्हा तापवलं की पाण्याने त्याचं विघटन होऊन लॉरिक आम्ल सुटं होतं. मग साबणासारखी चव लागते. ती लागली की तेल गेलं समजा, गाळून उपयोग नाही.

विकत घेताना आधी लेबल. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेलही खाद्यतेल ठरू शकतं, निव्वळ बाटली लहान म्हणून ते केसांचं तेल होत नाही. तेव्हा आकारावर जाऊ नका. हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक दिसला तर खायचं. 'हेअर ऑइल' लिहिलेल्या बाटलीत सुगंध आणि खनिज तेलही असू शकतं, ती स्वयंपाकघरात नको. व्हर्जिन ओल्या खोबऱ्यापासून काढतात, साधं खोबरेल सुक्या खोबऱ्यापासून. चव आणि वास वेगळा, पण चरबीचं गणित दोन्हींत एकच, त्यामुळे एलडीएलसाठी व्हर्जिनचे जास्तीचे पैसे मोजून काही मिळत नाही. घाण्यावरून आणत असाल तर खोबरं बघायला मागा. बुरशीचे काळे-हिरवे डाग असलेली वाटी घाण्यात गेली तर अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष तेलात उतरतं, आणि ते फडक्याने गाळून जात नाही.

भेसळ ओळखायला थोडं तेल पारदर्शक ग्लासात फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तासभर ठेवा. शुद्ध खोबरेल सगळं पांढरं थिजतं, सूर्यफुलासारखं तेल मिसळलेलं असेल तर त्याचा वेगळा थर राहतो. मात्र पाम कर्नल तेल असेल तर ही परीक्षा फसते, कारण तेही असंच थिजतं. ते फक्त लॅबमध्ये कळतं. खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठतं, म्हणून मुंबईत जानेवारीच्या सकाळी बाटलीत गोळा झाला तर काही बिघडलेलं नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको. बरणीत ओला चमचा घालू नका, पाण्याच्या थेंबानेच ते खवट होतं. आणि पावसाळ्यात एका वेळी अर्धा लिटरच्या वर घेऊ नका.