घरचे म्हणतात, महाराष्ट्राबाहेरचं कॉलेज नको. त्यांना कसं समजावू?

तू लिहिलंस की गाव केळापूर तालुक्यातलं, यंदा बारावी सायन्स, सीयूईटी (केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) देणार आहेस आणि मनात हैदराबाद आहे. बाबांनी मात्र 'यवतमाळ, नाहीतर नागपूर, त्याच्या पुढं नाही' म्हणून विषय बंद केला. मी शेजारच्या झरी जामणी तालुक्यातली, आणि शिकले हैदराबादलाच. आमच्या घरी हा विषय दोन वर्षं चालला, त्यातलं एक वर्ष माझ्या चुकीनं गेलं. तुझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठी असेन, म्हणून 'तू' म्हणते.

आधी ती चूक सांगते, कारण तू तीच करायला निघालीस असं वाटतंय. ('आमच्या सरांना घरी आणू का?' असं शेवटी विचारलंस.) मीही आमच्या हायस्कूलच्या सरांना घरी नेलं होतं. सर ओसरीवर बसले, शेजारचे दोघं-तिघं आले, मोठे बाबा (बाबांचे थोरले भाऊ) आले, आणि सगळ्यांदेखत सरांनी बाबांना समजावलं. बाबांनी चहा पाजला, हात जोडले. रात्री आईला म्हणाले, "चार लोकायसमोर पोरीनं मले अडाणी ठरवलं." पुढं वर्षभर ते त्यावर बोलले नाहीत आणि मी तालुक्याच्या कॉलेजात नाव घातलं. सर चांगलेच होते, बोललेही खरं. पण जे चुलीपाशी बोलायचं ते मी ओसरीवर नेलं. नंतर बाबांना वाटलं असतं तरी 'हो' म्हणता आलं नसतं. सरांना आणायचंच असेल तर एकटे येऊ देत, रात्री जेवायला, आणि बोलण्यापेक्षा बाबांचं ऐकायला.

दुसऱ्या वर्षी मी 'बाहेरच्या राज्यात' हे शब्द घरात काढणंच बंद केलं. त्या शब्दांत बाबांना काय ऐकू येत होतं ते मला उशिरा कळलं: भाषा नाही, ओळखपाळख नाही, पोरगी बिमार पडली तर पोचायला दोन दिवस. मी त्याऐवजी गावांची नावं आणि तास सांगू लागले. पांढरकवड्याहून हायवे ४४ धरला की पाटणबोरी, मग पैनगंगा, पलीकडं आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी, हैदराबाद. सगळं मिळून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. रात्री बसलं की सकाळी तिथं. पुणं आपल्याला सहाशेच्या पुढं पडतं, तरी कुणाची मुलगी पुण्याला शिकते म्हटलं की गाव म्हणतं, बरं आहे, आपल्याच राज्यात आहे. विदर्भाच्या कडेला राहणाऱ्या सगळ्यांचं हेच आहे. गोंदियावाल्यांना रायपूर जवळ, चंद्रपूर-बल्लारशावाल्यांना वरंगळ, वरुड-मोर्शीवाल्यांना भोपाळ. वहीच्या पानावर हैदराबादचा आणि पुण्याचा, हे दोन रस्ते काढ आणि बाबांसमोर ठेव. वाद घालू नकोस, नुसतं ठेव.

आमच्या आजोबांनी त्यात न सांगता भर घातली. ते शाळेत होते तेव्हा आपलं वऱ्हाड मध्य प्रदेशात होतं, राजधानी नागपूर. १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो, १९६० ला महाराष्ट्र झाला. आजोबा म्हणाले, "मी तीन राज्यात राह्यलो, गाव तं सोडलं नाही कधी." बाबा काही बोलले नाहीत, पण वहीतला नकाशा त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

आणि मग बाबांचाच कापूस आठवला. भाव बरा असला की आमच्याकडचा कापूस आदिलाबादच्या बाजारात जातो. बाबा त्या रस्त्यानं वीस वर्षं जात होते, तिथल्या आडत्याशी मराठीतच बोलत होते. मी म्हटलं, "बाबा, तुमी कापूस घेऊन जाता ना, तोच रस्ता पुढं जाते." खूप मोठं काही बोलले नाही मी. पण त्यानंतर ते म्हणाले, "एकडाव पाहून येऊ."

हे 'पाहून येणं' सगळ्यात महत्त्वाचं. माहितीपत्रक, व्हिडिओ, फोटो यांनी आमच्या घरी काही झालं नाही. आम्ही दोघं रात्रीच्या गाडीनं गेलो. बाबा मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकापाशी तासभर बसून राहिले. मुली रजिस्टरात वेळ लिहून जातात-येतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. फाटकावरचा माणूस आदिलाबादकडचा निघाला, त्याची आई मराठी बोलणारी. वॉर्डन बाईंना बाबांनी एकच विचारलं, रात्री बारा वाजता पोरगी बिमार पडली तर कोण नेते? त्यांनी आवारातलं आरोग्य केंद्र नेऊन दाखवलं. मेसचं सांबार बाबांना रुचलं नाही, भात-वरणावर जेवले. परत येताना कामारेड्डीपर्यंत गप्प होते, मग म्हणाले, "फी भराची तारीख कवाची हाये?"

भाषेचं भय तुझ्या आईला जास्त असेल. हैदराबादला हिंदीवर सगळं चालतं, आणि तिथल्या दखनीत 'नको'ला 'नक्को' म्हणतात, तो शब्द मराठीतूनच गेलेला. आईला हे सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा ताण खरंच सैल झाला. रॅगिंगचं विचारतील तर यूजीसीचे २००९ चे नियम आहेत, चोवीस तासांची हेल्पलाइन आहे: १८००-१८०-५५२२. हा नंबर मी बाबांच्या डायरीत, त्यांच्याच हातानं लिहायला लावला होता.

आता पैसे. शेतकऱ्याच्या घरात हा आकडा नाही, सातबारा आहे. 'शिक्षणासाठी कर्ज' ऐकलं की बापाला बँकेचा बोजा चढलेला उतारा दिसतो, आणि आपल्या जिल्ह्यात त्या भीतीला कारण आहे, तिला हसायचं नाही. म्हणून स्पष्ट सांग. केंद्रीय विद्यापीठांची फी खासगी कॉलेजांच्या मानानं फार कमी असते. ट्यूशन, वसतिगृह आणि मेस यांचे तीन वेगळे आकडे काढून कागदावर लिही. कर्ज लागलंच तर नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे. यादीतल्या संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला तर तारण नाही, जामीनदार नाही. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिक्षण चालू असताना आणि हप्ते सुरू होण्याआधीच्या सवलतीच्या काळात, ३ टक्के व्याज सरकार सोसतं. तुझं विद्यापीठ यादीत आहे का, ते आधी पाहून मगच बाबांना सांग. 'जमीन गहाण लागत नाही' हे वाक्य बँकेच्या अधिकाऱ्याच्या तोंडून त्यांना ऐकू दे.

कागदांत आपल्याकडची मुलं एका जागी हमखास अडकतात. राज्याचं जात प्रमाणपत्र केंद्रीय संस्थेत तसंच्या तसं चालत नाही. कुणबी, तेली, माळी असशील तर केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी नॉन-क्रीमी लेयर लागतं, आणि ते त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचं. आपल्याकडं एनटीत धरलेल्या बऱ्याच जाती केंद्राच्या यादीत ओबीसीत आहेत, तेही तपासून घे. एप्रिल लागला की पहिल्याच आठवड्यात सेतूत जा. जूनमध्ये सगळा तालुका तिथं रांगेत असतो.

शेतीचं शिकायचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट बाबांना आवडेल. राज्यांच्या कृषी विद्यापीठांतल्या काही जागा आयसीएआर (भारतीय कृषी संशोधन परिषद) देशपातळीवर, सीयूईटीच्या गुणांवर भरते, आणि जो आपलं राज्य सोडून दुसऱ्या राज्यात बीएस्सी ॲग्रीला जातो त्याला नॅशनल टॅलेंट स्कॉलरशिप म्हणून दरमहा पैसे देते. आपल्या राज्यात राहिलीस तर ती नाही. सरकारच सांगतंय, जा म्हणून. आणि भाऊसाहेब, म्हणजे पंजाबराव देशमुख, अमरावती जिल्ह्यातल्या पापळहून १९२० साली बोटीनं विलायतेला शिकायला गेले होते. आमच्या बाबांच्या पिढीत त्यांच्या नावाला केवढा मान आहे ते तुला माहीतच आहे.

पण एका ठिकाणी मी तुझ्या बाबांच्या बाजूनं आहे. गावात एजंट येतात, बेंगळुरूला नर्सिंग, फार्मसी, इंजिनिअरिंगची सीट 'पक्की' म्हणतात, मूळ मार्कशीट आणि आगाऊ रक्कम मागतात. तसं काही असेल तर बाबांचं 'नाही' बरोबर आहे, तू मागं फीर. माझ्या मामेबहिणीची मूळ कागदपत्रं अशाच एका कॉलेजात दोन वर्षं अडकली होती. मूळ मार्कशीट एजंटच्या हाती कधीच देऊ नकोस, आणि मान्यता यूजीसी किंवा त्या-त्या परिषदेच्या यादीत स्वतः पाहा.

लग्नाचं बोलतील. आमच्याकडंही आत्या म्हणाली, "एवढी शिकली तं पोरगा कोन देईन?" लोक बोलले, थोडे दिवस नाही, दोन-तीन वर्षं बोलले. याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि मी ते शोधलंही नाही. दर दिवाळीला आणि पोळ्याला घरी येत राहिले, आईसोबत गावात फिरत राहिले.

वेळ मात्र सांभाळ. जून-जुलैत निकाल आणि काउन्सेलिंग चालतं, नेमकी पेरणी. बियाणं-खतात सगळा पैसा जमिनीत गेलेला, पाऊस कसा पडेल माहीत नाही, तेव्हा विचारशील तर कुठलाही बाप नाहीच म्हणेल. बोलणं आत्ता काढ, कापसाचे पैसे हातात असताना. फॉर्म भरताना बाबांना शेजारी बसव, शहरांची नावं त्यांना वाचून दाखव. परीक्षा झाली की मेअखेरीस, मृग लागायच्या आत, दोघं जाऊन या. जमलं तर आईलाही ने. मी नेलं नव्हतं. तिनं माझं वसतिगृह पहिल्यांदा पाहिलं ते मी शिकून बाहेर पडताना, सामान आणायला आली तेव्हा. खोलीत बसली, खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, "एवढी वर्षं मी कायले भेत होती वो?"