शहापूरच्या पाड्यांवरचे लोक बाहेरून राहायला आलेल्याला आपलं मानतात का?

तुम्ही घोडबंदर रोडला राहता, निवृत्तीनंतर शहापूर तालुक्यात डोळखांबच्या पुढे कुठेतरी जमीन घेऊन राहायचा तुमचा विचार आहे. दोन-तीनदा जाऊन आलात तेव्हा पाड्यावरची माणसं छान बोलली, चहा दिला, पण जमिनीचा विषय निघाल्यावर सगळे गप्प झाले. म्हणून तुम्ही विचारलंय की या लोकांना बाहेरची माणसं नकोच असतात का.

माझं माहेर त्याच पट्ट्यातलं. आमचं कुणब्याचं घर, बांधाला लागून ठाकरांचा पाडा आणि ओहोळापलीकडे कातकरवाडी. नोकरीमुळे मी कळव्याला राहते, पण आईवडील आणि शेती तिकडेच असल्यामुळे आसनगावला उतरून पुढे एसटीने जाणं कायम चालू असतं. त्यामुळे जे सांगते ते घरातलं सांगते.

आधी त्या गप्प होण्याबद्दल. आमच्या तालुक्यात बाहेरचा शिकलेला माणूस येऊन जमिनीकडे बोट करून काही विचारू लागला की पुढे काय होतं, हे लोकांनी पिढ्यान् पिढ्या पाहिलं आहे. आमच्या तालुक्यातल्या तानसा धरणाचं पाणी मुंबईला पोहोचलं १८९२ साली. नंतर भातसा धरण झालं, त्यात गावं गेली, आणि आज मुंबईच्या पाण्यातला साधारण निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. तुमच्या ठाणे महापालिकेची स्वतःची योजनाही पिसे बंधाऱ्यावरून भातसा नदीचंच पाणी उचलते. आणि त्याच शहापूर तालुक्यात एप्रिल-मेमध्ये पाड्यापाड्यावर टँकर लागतात. मग आला समृद्धी महामार्ग. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला सुरू झाला, तो आमच्याच तालुक्यातून जातो. या प्रत्येक वेळी सुरुवात एकाच चित्राने झाली: चार अनोळखी माणसं, हातात नकाशा, जमिनीत ठोकलेल्या खुंट्या. म्हणून कुणी मोबाईल धरून शेताचा फोटो काढायला लागला की म्हातारी माणसं अजून विचारतात, मोजणीवाले आले का?

तुम्हाला चहा मिळाला तो पाहुणा म्हणून. गप्प झाले ते जमिनीमुळे. त्यात तुमच्याबद्दल वाईट मत झालं असं अजिबात समजू नका. एक कारण तर साधं आहे, ते म्हणजे बोलून अडकायची भीती. सातबाऱ्यावर चुलत्यांची, आत्यांची नावं असतात, एकाने हो म्हटलं की घरात भांडण लागतं. दुसरं असं की तुमच्यासोबत मोटारसायकलवर जो मध्यस्थ आला असेल तो बहुतेक जवळपासच्याच गावातला असतो, आणि त्याच्यासमोर कुणी मोकळं बोलत नाही. आमच्या भागात जमीन विकून आलेला पैसा लग्नात आणि गाडीत संपला, आणि आता त्याच जमिनीवरच्या फार्महाऊसवर राखणदारी करतोय, अशी माणसं आहेत. दुसऱ्याचं गेट उघडायला उभं राहताना पायाखाली आपलंच शेत असतं. त्यांच्याकडे बघून बाकीचे शिकतात.

जमीन आदिवासीच्या नावावर असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती बिगर आदिवासीला घेता येत नाही, आणि परवानगी सहज मिळत नाही. शहापूर तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे घटनेने आदिवासींसाठी संरक्षित ठरवलेल्या भागात आहे. शिवाय शेतजमीन घ्यायची तर तुम्ही शेतकरी असावं लागतं. ‘कागद मी बघतो’ म्हणणारा माणूस याच ठिकाणी गडबड करतो, आणि नाव मात्र तुमचं खराब होतं, कायमचं.

आता तुमचा खरा प्रश्न, आपलं मानण्याचा.

आमच्याकडे अनोळखी माणूस दिसला की पहिला प्रश्न येतो, ‘कोणाकडं आलाव?’ तुम्ही कोण, काय करता, किती कमावता हे नंतर. कुणाच्या तरी घरचा पाहुणा म्हणून गावात शिरलेला माणूस आणि थेट गाडी घेऊन ओढ्यावर उतरलेला माणूस, यांना वेगळी वागणूक मिळते. पहिल्याची जबाबदारी एका घराने घेतलेली असते. त्याच्या हातून चूक झाली तर त्या घराला विचारता येतं. दुसऱ्याचं काय करणार?

पावसाळ्यात शनिवार-रविवारी जी गर्दी येते ती बहुतेक दुसऱ्या प्रकारची. धबधब्यावर जिल्हा प्रशासनाची बंदी असली तरी येतात. मोठ्याने गाणी लावतात हा त्रास एका दिवसाचा असतो, तो सोसता येतो. पण बाटल्या फुटतात आणि काचा ओहोळाच्या पाण्याबरोबर खाचरात येतात. जुलैमध्ये आवणीला, म्हणजे भातलावणीला, बायका दिवसभर चिखलात अनवाणी वाकलेल्या असतात. चिखलातली काच दिसत नाही. पाय कापला की आठवडाभराची मजुरी बुडते, आणि आवणी कुणासाठी थांबत नाही. आमच्या पाड्यावर पर्यटकांबद्दल जो राग आहे त्यातला मोठा भाग या एका गोष्टीचा आहे. आजोबा नावाचा डोंगर आहे, तिथेही तसंच. त्यावर वाल्मिकींचा आश्रम आहे, वर सीतेचा पाळणा आहे अशी श्रद्धा आहे, आसपासची माणसं चप्पल काढून आत जातात, आणि त्याच झाडीत कुणी दारू पीत बसलेलं त्यांना दिसतं. ते तोंडावर काही बोलत नाहीत, पण विसरतही नाहीत.

याच डोंगरांवर वर्षानुवर्षं येणारे काही ट्रेकर्स मात्र घरचे झाले आहेत. आदल्या दिवशी फोन करतात, जेवण घरी करतात, तांदळाची भाकरी आणि पिठल्याचे ठरलेले पैसे घासाघीस न करता देतात, वाटाड्या घेतात. कुणी वाट चुकलं, कुणी कड्यावर अडकलं, तर रात्री बॅटऱ्या घेऊन शोधायला पाड्यावरचीच पोरं निघतात. ओळखीचा की अनोळखी हे तेव्हा कुणी विचारत नाही. या गोष्टीचा मला मनापासून अभिमान आहे.

पाण्याचं मात्र नीट लक्षात घ्या. तुम्ही घरात पाऊल टाकलं की तांब्याभर पाणी पुढे येतं. मार्च उलटल्यावर तो तांब्या भरायला कुणीतरी पहाटे विहिरीवर जाऊन, तळाला झिरपायची वाट बघत बसलेलं असतं. मी लहानपणी बसले आहे. एक हंडा भरायला खूप वेळ लागायचा, मध्येच झोप यायची. त्यामुळे पाहुणा एक घोट घेऊन उरलेलं अंगणात फेकतो, किंवा बॅगेतून बाटली काढून ‘आमचं आहे’ म्हणतो, तेव्हा घरातल्या बाईच्या चेहऱ्याकडे बघा. पोटाची काळजी वाटत असेल तर पाणी नको म्हणा आणि कोरा चहा मागा. तो उकळलेला असतो आणि आनंदाने मिळतो. दूध नसलं तरी ‘दूध नाही का?’ असं विचारू नका.

आणखी एक, जुने कपडे. दिवाळीच्या सुमारास शहरातून गाड्या येतात. रांगेत उभं करून वाटप होतं, फोटो काढले जातात. त्यात चेन तुटलेल्या पँटी असतात, जिला पाड्यावर कुणी हात लावणार नाही अशी पार्टीतली झगमग असते. लोक घेतात, कारण नाही म्हणणं त्यांना उद्धटपणा वाटतो. रात्री शेकोटीपाशी याबद्दल जे बोललं जातं ते फोटो काढणाऱ्यांनी कधी ऐकलेलं नसतं. द्यायचंच असेल तर शाळेतल्या गुरुजींना विचारा की काय हवंय, आणि नवीन द्या.

गुरुजींवरून आठवलं. बाहेरून येऊन पूर्ण आमचे झालेले सगळ्यात जास्त लोक कोण असतील तर शिक्षक. आमच्याकडे खानदेशातले, नगरकडचे बरेच येतात. पण तेही सगळेच आपले होत नाहीत. कल्याणहून रोज ये-जा करणाऱ्याला मान मिळतो, माया मिळत नाही. मला शिकवणारे एक गुरुजी धुळ्याकडचे होते. ते गावातच खोली घेऊन राहिले. पहिल्या पावसाळ्यात पूल बुडाल्यावर तेही आमच्यासारखेच अडकले, वीज गेल्यावर आमच्यासारखेच अंधारात बसले. रात्री-बेरात्री कुणाला साप चावला तर झोळी उचलायला खांदा देणाऱ्यांत ते असायचे. बदली झाली तेव्हा पाड्यावरच्या बायका रडल्या. त्यांना आमची बोली शेवटपर्यंत धड जमली नाही, त्याने काही बिघडलं नाही.

तुमच्यासारख्यांना गाव बघायला आवडतं ते पावसाळ्यात, सगळं हिरवं असताना. गाव मात्र तुमच्याकडे बघतं ते उन्हाळ्यात. एप्रिलमध्ये तुम्ही तिथे असता का, आणि असलात तर पाणी कुठून घेता, यावर तुमचं पुढचं सगळं ठरेल. आमच्याकडे पाऊस चिक्कार, पण जमीन काळ्या कातळाची. पाणी मुरतं ते खडकाच्या भेगांमध्ये, बाकी वाहून जातं. त्याच भेगांवर विहीर जगते. शेजारी फार्महाऊसची खोल बोअर आली, तिच्यावर लॉन आणि स्विमिंग पूल चालू लागले, की पाड्याची विहीर पूर्वी एप्रिलला तळ गाठायची ती फेब्रुवारीत गाठते. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, असा कायदा आहे. तो किती जण पाळतात ते तुम्हीच जाऊन बघा. म्हणून एखादी म्हातारी तुम्हाला विचारेल, ‘बोर मारनार का?’ त्या एका प्रश्नात तिची सगळी चौकशी आली. तिला खरं उत्तर द्या.

मार्च-एप्रिलमध्ये शेतात जागोजागी धूर दिसेल. तो राब भाजल्याचा असतो, पालापाचोळा आणि शेण जाळून भाताच्या रोपांसाठी जमीन तयार करतात. नव्याने आलेली मंडळी कधीकधी वणवा समजून तक्रार करतात, वनरक्षक येतो, आणि एका कुटुंबाचं वर्ष अडचणीत येतं. आधी शेजारी विचारा.

एक गोष्ट आम्ही गावकरीही मोकळेपणाने कबूल करत नाही, ती इथे सांगते. ‘बाहेरचा’ हा भेद फक्त शहरवाल्यांशी केला जात नाही. कातकरी आमच्या शेजारी पिढ्यान् पिढ्या राहतात, पण आमच्या कुणब्यांच्या बैठकीत त्यांना मागे बसावं लागतं. कित्येकांच्या झोपडीखालची जमीनही त्यांच्या नावावर नाही. दिवाळीनंतर घरंच्या घरं उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन भिवंडी-वाड्याकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, पाऊस तोंडावर आला की परततात. म्हणजे अर्धं वर्ष ती माणसं स्वतः कुठेतरी परकी असतात. ठाकरांच्या बायका जूनमध्ये शेवळं, पुढे कंटोळी, टाकळा अशा रानभाज्या घेऊन ठाणे स्टेशनबाहेर बसतात. तुम्ही त्यांना पाहिलं असेल. तिथे त्यांना कसं बोललं जातं, कसं हाकललं जातं, हे त्या पाड्यावर येऊन सांगतात. ठाण्याहून आलेला माणूस कसा असेल याचा अंदाज पाड्यावर बऱ्याचदा त्यावरूनच बांधला जातो. तेव्हा पुढच्या पावसाळ्यात स्टेशनबाहेर शेवळं घेतलीत तर भाव पाडू नका, आणि कुठल्या गावची ते विचारा. एखादी तुम्ही जमीन बघताय त्याच भागातली निघेल.

तुम्हाला तिथे नक्की राहता येईल असं मला वाटतं. जमीन घेण्याआधी एक उन्हाळा कुणाच्या तरी घरी पैसे देऊन राहून बघा, मध्यस्थाला न घेता. ग्रामसभेला जाऊन मागे बसा आणि ऐका.

आणि कुंपणाचं लक्षात ठेवा. आमच्याकडे विहिरीवर, रानात, गुरं चारायला, मसणात जाणाऱ्या पायवाटा लोकांच्या शेतांतून जातात. नकाशावर त्या बहुधा नसतात. नवा मालक येतो, चारी बाजूंनी तारेचं कुंपण घालतो आणि गावाशी त्याचं बोलणं तिथेच संपतं, त्याला कारणही कळत नाही. तुम्ही बघताय त्या जमिनीचा गट नंबर मला निरोपात कळवा. तिथून कुणाची कुठली वाट जाते ते मी वडिलांना विचारून सांगते, म्हणजे फाटक कुठे ठेवायचं ते आधीच ठरवता येईल.