साखळी प्रार्थनेत माझी पाळी आली तर?

प्रश्न : बाई, सलाम. मी मूळची नगरची. सध्या कॅलिफोर्नियात, फ्रेस्नोजवळ नर्स आहे. तुम्ही माझ्या आईला रविवारच्या शाळेत शिकवलंय, म्हणून धीर करून लिहिते.

आम्ही पाच-सहा मराठी ख्रिस्ती कुटुंबं दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कुणा एकाच्या घरी प्रार्थनेला जमतो. 2024च्या नोव्हेंबरची सभा अध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतर चौथ्याच दिवशी आली. ज्यांच्या घरी होती त्या काकांनी बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाचा 45वा अध्याय वाचला. ट्रम्प म्हणजे आपल्या काळातला कोरेश, म्हणजे यहुद्यांना बंदिवासातून सोडवणारा इराणी राजा, देवानेच निवडलेला, असं म्हणून त्यांनी उपकार मानले. सगळे आमेन म्हणाले. मी म्हटलं नाही, पण ते कुणाच्या लक्षातही येऊ दिलं नाही. पाणी आणायला उठले.

मी कमला हॅरिसना मत दिलं. गाझाच्या बातम्यांमुळे ते देतानाही हात जडच होता. त्याच मतपत्रिकेवर राज्यातल्या मतदारांचा थेट कौल मागणारे प्रस्तावही असतात. त्यांत प्रस्ताव 3 होता, राज्यघटनेतलं ‘लग्न फक्त स्त्री-पुरुषाचं’ हे वाक्य काढून टाकणारा. तो पास झाला तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले, कारण माझा धाकटा भाऊ. घरात त्याचा विषय कुणी काढत नाही. माझ्या वॉर्डात मळ्यांवर राबणारी माणसं येतात. त्यातल्या काहींकडे कागद नाहीत, आणि निकालापासून ती फार गप्प झालीत. आता खरं सांगते. आमच्या नात्यातल्या एकाच्या दुकानात दोनदा चोरी झाली, म्हणून चोरीच्या शिक्षा वाढवणाऱ्या प्रस्ताव 36लाही मी ‘हो’ केलं. मग स्वतःला पुरोगामी कोणत्या तोंडाने म्हणवू?

डिसेंबरात नाताळच्या गाण्यांमुळे सभा नाही. जानेवारीची माझ्याकडे आहे. साखळी प्रार्थनेत एकामागून एक प्रत्येकाने मोठ्याने प्रार्थना करायची असते. माझी पाळी येईल तेव्हा काय म्हणू?

उत्तर : सलाम, मुली. तुझी आई वचनं घडाघडा म्हणायची, पण अर्थ विचारला की खिडकीबाहेर बघायची. तू पाणी आणायला उठलीस म्हणजे तिच्यावर गेलीस.

पुरोगामी कोणत्या तोंडाने म्हणवायचं, त्याचं आधी उरकते. 36व्या प्रस्तावावर मी तुझ्याशी भांडले असते, पण त्यावरून तुला नापास केलं नसतं. मला वाईट वाटलं ते त्याच मतपत्रिकेवरच्या प्रस्ताव 6चं. तुरुंगात कैद्यांना सक्तीने राबवणं बंद करा, एवढंच त्यात म्हटलं होतं आणि तो पडला. कॅलिफोर्नियात पडला! तुझ्या पत्रातही त्याचं नाव नाही. असो.

आता आमेनचं. त्यासाठी मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल. ती सांगायला सोपी नाही.

आम्ही 27 वर्षं कॅलिफोर्नियातच, ओकलंडला होतो. रविवारी मी ज्या चर्चमध्ये जायची ते युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टचं होतं, जेमतेम साठ माणसांचं. गायकवर्गात दोन बायका होत्या, दोघीही साठीच्या, पंचवीस-एक वर्षं एका घरात राहणाऱ्या. 2008च्या मे महिन्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांना लग्नाची मोकळीक दिली आणि ऑगस्टात आमच्याच वेदीपुढे त्यांचं लग्न लागलं. मी कोथिंबीर वड्या केल्या होत्या. पाळकांनी तीन खाल्ल्या, मग कशाच्या आहेत ते विचारलं.

नोव्हेंबरात ती मोकळीक काढून घेणारा प्रस्ताव 8 मतपत्रिकेवर आला. ओबामाही त्याच मतपत्रिकेवर. चर्चच्या हॉलमध्ये आम्ही टीव्ही लावला होता. रात्री आठ वाजता कॅलिफोर्नियातलं मतदान संपलं आणि त्याच मिनिटाला ओबामा जिंकल्याचं जाहीर झालं. माझ्या शेजारी एक काळे आजोबा बसले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांचे वडील गोदीत काम करायला लुइझियानाहून आलेले. आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्यावर टपटप पाणी पडत राहिलं. त्यांच्या मागे त्या दोघी उभ्या होत्या, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. सकाळपर्यंत प्रस्ताव 8 पास झाल्याचं दिसत होतं, 52 टक्क्यांनी. कोंबड्यांना पंख पसरता येतील एवढी जागा द्या म्हणणारा प्रस्ताव 2 त्याच दिवशी 63 टक्क्यांनी निघाला. दोघींपैकी धाकटीने फोन करून विचारलं, “आमचं लग्न अजून आहे ना गं?” मला उत्तर ठाऊक नव्हतं.

आजोबांनी आठव्या प्रस्तावाला ‘हो’ केलं होतं. त्यांनी स्वतःच सांगितलं, पुढच्या रविवारी, त्या दोघींच्या तोंडावर. पुढे बरेच जण सगळं खापर काळ्या मतदारांच्या माथी फोडू लागले, तेव्हा मला संताप आला. कारण आठव्याला पाठिंबा देणारी पिवळी पाटी मी पाहिली होती ती फ्रीमाँटला, आपल्या मराठी माणसाच्या अंगणात. निवडणुकीच्या दोन आठवडे आधी त्याच घरी आमची साखळी प्रार्थना झाली. एका भावाने आठव्या प्रस्तावाच्या यशासाठी प्रार्थना केली आणि पुढची पाळी माझी होती. मी आधी त्याच्या प्रार्थनेला आमेन म्हटलं. सगळे म्हणाले म्हणून मी म्हटलं. मग आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी प्रार्थना करून बसले. ऑगस्टातल्या वड्या मीच तळल्या होत्या, आणि ते आमेनही माझंच.

लोकांना वाटतं, संमिश्र भावना म्हणजे एका डोळ्यात हसू आणि दुसऱ्यात आसू. ते मला पेलवलं असतं. ओबामांसाठी हसावं, आठव्यासाठी रडावं, हिशेब चुकता. माझं दुःख त्यात बसत नव्हतं, कारण त्या 52 टक्क्यांत माझं मत नसलं तरी माझं आमेन होतं.

म्हणून सांगते, पटत नसेल तिथे आमेन म्हणू नकोस. ‘असंच होवो’ म्हणायचं आणि मनात ‘न होवो’ म्हणायचं, हे देवाला दोन अर्ज देण्यासारखं आहे.

ट्रम्पसाहेबांसाठी प्रार्थना मात्र कर. राजांसाठी प्रार्थना करा असं बायबलमधल्या पत्रात पौलाने तीमथ्याला लिहिलंय, आणि तेव्हाचे राजे काही संत नव्हते. तिथे उपकारस्तुतीही म्हटली आहे, तुझे काका ते वचन काढतीलच. काढू देत. सगळ्या माणसांसाठी उपकारस्तुती, असं आहे ते. मळ्यावरची माणसं त्यात आली. आणि कोरेशाचं निघालंच तर पूर्ण निघू दे. त्याने बंदिवानांना मोकळं केलं, ज्यांना परत जायचं होतं त्यांना वाटेला लावलं. रात्री दारं ठोठावून कुणाला गाडीत कोंबल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

काका म्हणतील, हे पुरोगामी खूळ तुला अमेरिकेत लागलं. तर त्यांना नगरच्या ह्यूमसाहेबांची आठवण दे. मुंबईत जन्मलेला हा अमेरिकन मिशनरी 1886 साली सुटीवर मायदेशी, अमेरिकेला गेला आणि तिथे बोलून बसला, की ज्यांच्या कानावर ख्रिस्ताचं नाव कधी पडलंच नाही त्यांना मरणानंतरही संधी असावी अशी आशा धरता येते. त्यांना नेमणाऱ्या अमेरिकेतल्या मिशन बोर्डाने त्यांना परत पाठवायला खळखळ केली. तरी ते आले आणि आपल्याकडचे कितीतरी पाळक त्यांच्या हाताखाली घडले. तुझे पणजोबा-खापरपणजोबा नरकात आहेत की नाहीत, यावरचं ते भांडण होतं. ज्या काँग्रिगेशनल मंडळीने तो बोर्ड उभा केला, तिच्यातूनच 1957 साली ओकलंडचं माझं ते चर्च ज्या पंथाचं, तो पंथ झाला. 2005 साली त्याच पंथाच्या महासभेने समलिंगी लग्नांना पाठिंबा दिला. खूळ असेल तर ते दोन्हीकडचं आहे, आणि जुनं आहे.

तुझी पाळी आली की भाषण करू नकोस. काकांना उत्तर देऊ नकोस, प्रार्थनेच्या आडून टोमणे तर मुळीच नकोत. आपल्याकडे ती कला फार बोकाळली आहे. वॉर्डातल्या माणसांसाठी माग. गाझातल्या मुलांसाठी माग. मग भावाचं नाव घे, पाळण्यात ठेवलेलं पूर्ण नाव, आणि थांब. आमेन कुणी म्हणेल, कुणी म्हणणार नाही. पण आधी भावाला फोन करून विचार, नाव घेऊ का म्हणून. तो नको म्हणाला तर नको.

त्या दोघींचं लग्न टिकलं. 2009च्या मे महिन्यात न्यायालयाने आठवा प्रस्ताव कायम ठेवला, पण आधी झालेली अठरा हजारांच्या आसपास लग्नं मोडली नाहीत. थोरली आता नाही. 2024च्या नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात धाकटीचा मला इथे नगरला फोन आला. तिसरा प्रस्ताव पास झालाय आणि हॅरिस हरल्यात, तू काय म्हणणार आहेस, असं विचारत होती. आम्ही बराच वेळ काहीच बोललो नाही. मग ती म्हणाली, त्या हिरव्या वड्यांची कृती पाठव.

आणि सभेच्या दिवशी पाण्याचा जग न् पेले आधीच बाहेर मांडून ठेव. उठायला निमित्त नको.