नव्या तंत्रज्ञानापुढे आंतरराष्ट्रीय कायदा अपुरा पडतोय का?

पडतोय, पण नियम नाहीत म्हणून नव्हे.

२०१७ मध्ये मी न्हावा शेवा बंदरात एका सीएचएकडे, म्हणजे कस्टम्सची कामं करणाऱ्या एजंटकडे, कामाला होतो. २८ जूनला एका टर्मिनलच्या गेटवर फॉर्म १३ (कंटेनर आत नेण्याचा गेटपास) हातात घेऊन ड्रायव्हर ताटकळत होते. कुणाचा कंटेनर यार्डात कुठे आहे, हे सांगणारी सिस्टीमच बंद. आतली माणसं कागदावर नंबर उतरवून काम रेटत होती.

हल्ला आमच्यावर नव्हताच. आदल्या दिवशी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा संगणक-व्हायरस पसरला, डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरला आणि तिच्या टर्मिनलमार्गे पार उरणपर्यंत पोहोचला.

आता कायद्याचं बघा. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम २(४) बळाच्या वापराला मनाई करतं. क्रेनवर बॉम्ब टाकला असता तर कुणी वाद घातला नसता. इथे क्रेन जागेवर शाबूत, फक्त डेटा पुसला गेलेला. हा बळाचा वापर म्हणायचा का, यावर देशांचं अजून एकमत नाही.

त्याहून मोठी अडचण हल्लेखोर ठरवण्याची. निकाराग्वा खटल्यात १९८६ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कसोटी घालून दिली: सशस्त्र गटाचं कृत्य देशाच्या माथी मारायचं तर त्या कारवाईवर देशाचं ‘प्रभावी नियंत्रण’ दाखवावं लागतं. बंदूकधारी गटांसाठी ते ठीक होतं. सर्व्हरच्या साखळीमागे बसलेल्या माणसाचं नियंत्रण कसं दाखवणार? पुरावा असतो गुप्तचर संस्थांकडे, आणि त्या तो उघड करत नाहीत. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन-अमेरिकेने नॉटपेट्यासाठी रशियन लष्कराचं नाव घेतलं, रशियाने इन्कार केला. आंतरराष्ट्रीय न्यायालयात कुणीच गेलं नाही. दोन्ही देशांच्या संमतीशिवाय तिथे खटला उभाच राहत नाही.

हे युद्ध होतं का, हा प्रश्न शेवटी कुठे सुटला माहितीये? अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या कोर्टात, विम्याच्या दाव्यात! नॉटपेट्याचाच फटका बसलेल्या मर्क या औषध कंपनीला विमा कंपन्या म्हणाल्या, ही युद्धसदृश कृती, पैसे मिळणार नाहीत. २०२३ मध्ये अपील कोर्टाने ते अमान्य केलं.

म्हणून माझं स्पष्ट मत: नवा करार लिहिण्याआधी पुरावा तपासणारी, सर्वांना मान्य होईल अशी स्वतंत्र यंत्रणा हवी. अणुऊर्जेसाठी व्हिएन्नात तशी संस्था १९५७ पासून आहे. सायबरसाठी काहीच नाही. त्या आठवड्यात ट्रेलरवाल्यांचं हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबून राहिल्याचं भाडं, आमच्या छोट्या निर्यातदारांनी खिशातून भरलं. कुणाकडे मागायचं, हे मला आजही सांगता येत नाही.