मिशिगनमध्ये कमी पैशांत वेकबोर्डिंगसाठी जुनी बोट घेताना काय पाहावे?
वेकबोर्डिंगला (बोटीमागे दोरीला धरून फळीवर उभे राहून घसरण्याचा खेळ) बोटीमागे उंच लाट लागते आणि ती मागच्या वजनामुळे उठते. म्हणून इंजिन मागे असलेल्या व्ही-ड्राइव्ह बोटी महाग पडतात. पैसे मोजके असतील, तर इंजिन मधोमध असलेली मास्टरक्राफ्ट किंवा नॉटिक कंपनीची जुनी डायरेक्ट-ड्राइव्ह बोट घेऊन तिच्यात वजन वाढवणाऱ्या पाण्याच्या पिशव्या (बॅलास्ट) टाकणे मला शहाणपणाचे वाटते. मात्र बोटीवरील पाटीत दिलेल्या कमाल वजनात ते पाणीही धरावे. १९९० पूर्वीच्या अनेक बोटींच्या तळातील तुळयांमध्ये लाकूड असे व ते आतून कुजते, त्यामुळे त्या तुळयांत बसवलेले इंजिनाचे बोल्ट नीट आवळले जातात का, हे आधी तपासावे. मिशिगनच्या हिवाळ्यात इंजिनातले पाणी काढायचे राहिले, तर ते गोठून इंजिनाच्या मुख्य सांगाड्याला (ब्लॉकला) तडा जातो (आणि नवा रंग तो लपवतो). कॉम्प्रेशन चाचणी (इंजिनाच्या सिलिंडरमधील दाब मोजणे) आणि तळ्यातील फेरी झाल्याशिवाय विसारही देऊ नये.